ठेवल्या जागी

हेडफोनच्या तुटक्या कानाला तिनं चिकटपट्टीचा आणखी एक वेढा दिला, तो डोक्यावर नीट बसवला आणि ट्रेलर एक मिनिट बारा सेकंदांवर थांबवला. पडद्यावर एक म्हातारी विहिरीच्या काठाशी उभी होती, तोंड उघडून, काहीतरी सांगायच्या बेतात.

"दात बघा," ती म्हणाली. "बाई सत्तरीची, आणि दात बघा. बत्तीसच्या बत्तीस, एका रंगाचे. मागच्या शिपायाचेही तेच. अख्ख्या गावाला एकाच साच्यातली कवळी बसवलीय."

"झालं," कानात पंडित हसला. "ताईनं दुकान मांडलं."

ती दात बनवायची. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवायचे आणि ती दिवसभर खिडकीशी बसून पांढऱ्याच्या सोळा छटांमधून एकेक छटा जुळवायची. पांढरा रंग एकच असतो असं मानणाऱ्या माणसांची तिला कीव यायची.

"दातांचं सोड," पंडित म्हणाला. "गवत बघ ना. एकेक पातं वेगळं हलतंय. डबक्यातलं आभाळ बघ. असे ग्राफिक्स आधीच्या तीन भागांत होते कुठे?"

पंडित चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचा. लोकांना दिवसभर बारीक अक्षरं वाचायला लावून लावून त्याला स्वतःला जगातला ठिपका न् ठिपका दिसायला लागला होता, आणि तो त्याबद्दल बोलल्यावाचून राहत नसे. तिसरे मामा. मामा कुणाचेच मामा नव्हते. गणिताचे मास्तर होते, आणि पंडितनं पहिल्याच दिवशी त्यांना मामा केलं ते कायमचं. अकरा वर्षं तिघं दर रविवारी दुपारी तीन ते पाच एकत्र 'राखेचं राज्य' खेळत होते. एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. शुक्रवारी चौथ्या भागाचा ट्रेलर आला होता, आणि आज खेळ बाजूलाच राहिला होता.

"गवत छान आहे," ती म्हणाली. "पण बेचाळिसाव्या सेकंदाला ये. घोडा. सरळ उभ्या कड्यावर चढतोय, पालीसारखा. अकरा वर्षांपूर्वीही असाच चढायचा. म्हणजे इंजिन तेच."

इंजिन म्हटलं की तिघांच्या बोलण्याला धार यायची. खेळात जे दिसतं त्या सगळ्याच्या पोटात, न दिसता, ते चालत असतं. दार कसं उघडेल, दगड कसा घरंगळेल, घोड्याला कडा कुठे संपला हे कळेल की नाही, सगळं तेच ठरवतं. वरचं रूप म्हणजे अंगरखा. आतलं अंग म्हणजे इंजिन.

"तेच आहे, आणि तेच हवं," मामा शांतपणे म्हणाले. "माझा दिवा आठवतो ना?"

"आठवतो मामा. खिंडीतल्या दगडावर दिवा ठेवलात, दोनशे तास जग फिरून आलात, आणि दिवा ठेवल्या जागी. वात तशीच. दर वेळी सांगता."

"सांगणारच. नवी इंजिनं येतात, डोळे दिपवतात. पण तिथं चमचा खाली ठेव आणि पाठ फिरव. गेला चमचा! त्या जगाला आठवणच नाही. आपलं म्हातारं बेढब असेल, पण ठेवलेलं ठेवल्या जागी सांभाळतं."

एरवी ती हसली असती. आज तिचं लक्ष कीबोर्डखाली गेलं. तिथं एक कागद तीन आठवडे पडून होता, घडीवर मळलेला. खाली सहीची रेघ होती, आणि रेघेवर काही नव्हतं. उद्या संध्याकाळपर्यंत सही होऊन तो रुग्णालयात पोचला नाही, तर गुरुवारची वेळ दुसऱ्या कुणाला जाणार होती.

दार अर्धवट उघडं होतं. त्या दाराला पूर्ण मिटायची सवयच नव्हती. पलीकडे बाबा खुर्चीत बसलेले असणार.

बाबा चौतीस वर्षं नदीवरच्या लाँचचं इंजिन सांभाळत होते. लांब पेचकसाचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकवायचं, मुठीला कान लावायचा आणि डोळे मिटायचे, ही त्यांची तपासणी. लहानपणी तिलाही त्यांनी तसं ऐकवलं होतं. "इंजिन दोनच शब्द बोलतं," ते म्हणायचे. "येतो, जातो. येतो, जातो. निगुतीनं ऐकावं. दोन शब्दांच्या मध्ये तिसरा आला की समजावं, काहीतरी झिजलं."

तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्याच छातीला नळी लावली, डोळे मिटले नाहीत, पण बराच वेळ ऐकलं. हृदयातली एक झडप ताठरली होती. छाती उघडून ती बदलायला हवी होती, आणि लवकर.

"झडप म्हणजे व्हॉल्व्हच ना?" बाबांनी विचारलं होतं.

"हो."

"मग बदलायचा कशाला? घासून बसवा. आम्ही घासूनच बसवायचो."

डॉक्टर हसले, आणि म्हातारा चेष्टा करत नाहीये हे दिसल्यावर थांबले.

घरी आल्यावर बाबांनी चपला काढायच्या आधी निकाल दिला. "चालत्या इंजिनाला हात लावू नये. उघडलं की आणखी चार गोष्टी निघतात." त्या दिवसापासून घरात हृदय हा शब्द कुणी उच्चारला नाही. सकाळी ती विचारायची, आज इंजिन कसं आहे? ते सांगायचे, सपाटीला ठीक, चढावर धापतंय. चढ म्हणजे गच्चीच्या चार पायऱ्या. आधी धाप लागायला चौदा लागायच्या.

तिनं समजावलं. चिडली. आत्याला फोन करायला लावले; आत्या रडली, बाबांनी तिलाच समजावलं. लेकीला ते फौजदार म्हणायचे, गोळ्यांच्या वेळा पाळायला लावते म्हणून. "फौजदारसाहेब, केस बंद करा आता," असं ते परवा म्हणाले, तेव्हापासून तिनं विचारणं सोडलं होतं. सांगून सांगून जिभेला घट्टे पडले होते. तिच्या स्वतःच्या अंगात दुखत काहीच नव्हतं. पण जिना चढून आल्यावर कुलपात किल्ली घालायच्या आधी ती दाराशी क्षणभर उभी राहायची, आतून खोकल्याचा किंवा भांड्याचा आवाज येईपर्यंत. मग किल्ली घालायची.

"ताई, आहेस का?" कानात पंडित. "मामांना उत्तर दे. मी एकटा हरतोय."

"मामा," ती म्हणाली, "प्रेम मलाही आहे त्याच्यावर. पण प्रेमानं इंजिन चालत नाही."

"चालतंय की."

"चालतंय म्हणजे काय?" कान झाकलेल्या माणसाचा आवाज त्याला स्वतःला कळत नाही, तिचा चढला. "किती वर्षं ठिगळं लावायची? इथं गळलं, लाव ठिगळ. तिथं अडलं, लाव ठिगळ. वरून ठणठणीत दिसतंय, पण आतून खिळखिळं झालंय. आणि उघडायला कुणी तयार नाही! का, तर चालतंय. मी इथं जीव मुठीत धरून बसते त्याचं काय? आत्ता बंद पडेल, मग बंद पडेल. दर दहा मिनिटांनी जपायचं, दर दहा मिनिटांनी बघायचं. मी थकले आता. खरंच थकले. त्यापेक्षा एकदा उघडा, बदला, काय व्हायचं ते होऊन जाऊ द्या."

मामांनी घसा साफ केला.

"आणि नवं बसवलं, आणि त्यात जीवच राहिला नाही तर?"

"आणि नाही बसवलं तर राहणार आहे का?"

वाक्य तोंडातून गेल्यावर तिला ते ऐकू आलं. पडद्यावरची म्हातारी अजून तोंड उघडून उभी होती.

"ताई," पंडित हळू म्हणाला, "बरी आहेस ना?"

"आहे. झोप झाली नाही." तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. मान मागे टाकली.

दाराशी बाबा होते. दोन्ही हातांत चहाचे कप. स्वयंपाकघरापासून इथवर सतरा पावलं. ती त्यांनी किती थांब्यांत काटली असतील ते कपाळावर दिसत होतं. कप काठोकाठ भरलेले होते आणि बशांत थेंब सांडला नव्हता.

त्यांनी एक कप तिच्यापुढे ठेवला. दुसरा हातातच राहू दिला.

"कागद कुठाय?"

"कसला?"

"सहीचा."

तिनं कीबोर्डकडे बघितलं.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "भिंतीला कान नव्हते लावले. तूच ओरडत होतीस. बरोबर आहे तुझं. किती वर्षं ठिगळं लावायची."

मांडीवरच्या हेडफोनमधून पंडितचा मुंगीएवढा आवाज येत होता, ताई, हॅलो, ताई. तिनं त्यावर तळहात ठेवला.

"बाबा, ते—"

"काय?"

एका ओळीचं काम होतं. मी खेळाचं बोलत होते बाबा, तुमचं नाही. एवढंच. ती ओळ तिच्या ओठांपर्यंत आली. बाबांच्या बशीतला कप किणकिणत होता, अगदी बारीक. तो किणकिणतोय हे त्यांना कळू नये म्हणून त्यांनी अंगठ्यानं दाबून धरला होता.

"काही नाही," ती म्हणाली. कीबोर्ड उचलला. "इथं. या रेघेवर."

त्यांनी कप ठेवला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि सही केली, लाँचच्या नोंदवहीत करायचे तशी, दाबून. खाली तारीख. आणि सवयीनं वेळही: चार वाजून वीस मिनिटं.

"पेन बरंय गं हे," ते म्हणाले आणि कप घेऊन परत गेले.

सोमवारी दुपारी तिनं कागद रुग्णालयात देऊन टाकला. खिडकीतल्या मुलीनं सहीखालची वेळ बघून भुवई उचलली, पण शिक्का मारला. कामावर परतल्यावर तिनं एका माणसाच्या पुढच्या दाताला दोन छटा उजळ रंग दिला. बुधवारी तो दात परत आला. नऊ वर्षांत असं झालं नव्हतं.

मंगळवारी तिनं दोघांना सगळं सांगितलं. पंडित म्हणाला, "सांगून टाक, ताई. फसवून घेतलेली सही आहे ती."

"फसवलं कुठं?" मामा म्हणाले. "ती इंजिनाबद्दलच बोलत होती."

"मामा, शब्दांत पकडू नका. त्यांना वाटतंय की ती डॉक्टरांशी बोलत होती. उद्या काही कमीजास्त झालं तर ही आयुष्यभर—"

"पंडित."

"सॉरी."

"तू सांगितलंस," मामा तिला म्हणाले, "आणि त्यांनी कागद मागे घेतला तर?"

रविवारचाच वाद होता तो. उघडावं की उघडू नये. फक्त आज दोघांचाही आवाज चढत नव्हता. ती म्हणाली, "बघते," आणि त्या रात्री नाही सांगितलं. बुधवारी रुग्णालयात भरती करताना नाही सांगितलं. तिथं फार माणसं होती. संध्याकाळी दाढी करून देणारा आला होता, तो बाबांच्या छातीवरचे केस काढत होता आणि बाबा त्याला म्हणत होते, "जपून हं, पत्रा जुना आहे." तेव्हाही नाही.

गुरुवारी सकाळी सव्वासातला खोलीत ती दोघंच होती. बाबांनी मागून बांधायचा हिरवा झगा घातला होता. त्यात ते कुणाचे तरी धाकटे भाऊ दिसत होते. पलंगालगतच्या टेबलावर ते आपल्या वस्तू मांडत होते. घड्याळ, पट्टा खाली दुमडून उभं, तोंड पलंगाकडे. डावीकडे चष्मा. उजवीकडे खिशातला छोटा पेचकस, मूठ बाहेर, म्हणजे न बघता हात घातला तरी मुठीवरच पडावा. लाँचवर इंजिनाच्या खोलीतली फळी अशीच असायची. तिला कुणी हात लावायचा नाही.

"बाबा," ती म्हणाली. "एक सांगायचंय. आत्ताच सांगायला हवं. मग तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. रविवारी मी जे बोलले ना—"

"हां, बरं आठवलं. विचारायचं राहिलंच." त्यांनी पेचकस केसभर सरकवला. "त्या घोड्याचं काय झालं?"

"कुठल्या घोड्याचं?"

"कड्यावर चढणाऱ्या. पालीसारख्या."

खिडकीबाहेर कुणीतरी बादली सरकवली.

"माझ्या छातीत घोडा नाही, फौजदार," बाबा म्हणाले. "डॉक्टरांनी इतके फोटो काढलेत. दिसला असता."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"अकरा वर्षं ऐकतोय दर रविवारी. मामांचा दिवाही मला पाठ आहे."

"मग सही का केलीत?"

त्यांनी छताकडे बघितलं. पांढरं छत, सोळांतली कुठलीच छटा नसलेलं.

"तुम्ही सगळे तीन आठवडे माझ्याशी बोलत होता," ते म्हणाले. "मी समोर असलो की सगळे मला पटवायलाच बोलतात. त्यातून काय कळतं? इंजिन तपासायचं तर ते आपल्या चालीनं चालत असताना कान लावायचा." त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. "जीव मुठीत धरून बसते म्हणालीस. ते काही घोड्याबद्दल वाटलं नाही मला."

तेवढ्यात दार उघडून दोघं जण चाकांचा पलंग घेऊन आले. एकानं हातावरच्या पट्टीवरचं नाव वाचलं, दुसऱ्यानं चादर सारखी केली. बाबांनी त्यांना चाकाला तेल घालायला सांगितलं. उजवं पुढचं, ते म्हणाले, कुरकुरतंय. तो माणूस वाकून खरंच बघायला लागला.

दाराशी पलंग वळताना त्यांनी मान उचलली.

"आणि तो दिवा? नवं इंजिन घातलं तर राहतो का गं ठेवल्या जागी?"

"मामा म्हणतात, नाही राहत."

"तू काय म्हणतेस?"

खोटं बोलणं सोपं होतं. रविवारपासून तिला त्याची सवयही झाली होती.

"खेळ अजून आलाच नाही, बाबा," ती म्हणाली. "आला की बघू."

"हं," ते म्हणाले, समाधान झाल्यासारखे. "आला की सांग."

चाक कुरकुरत गेलं. कॉरिडॉरच्या शेवटी दोन दारं उघडली, मिटली, एकमेकांवर थोडी हलली, आणि स्थिर झाली. ती खोलीत परतली, रिकाम्या पलंगाच्या कडेला बसली. फोनवर पंडितचा निरोप होता: मी आणि मामा जागेवर आहोत, दिवसभर. खाली मामांनी नुसता पूर्णविराम पाठवला होता. त्यांना टंकायला यायचं नाही; आलोय हे सांगायची त्यांची ती रीत होती.

थोड्या वेळानं सफाईवाली मावशी ओलं फडकं घेऊन आली. जमीन पुसली, खिडकीची पट्टी पुसली, मग टेबलाशी आली. एका हातानं तिनं चष्मा उचलला, दुसरा घड्याळाकडे नेला.

"हे खणात टाकू का, बाई? सहा तास लागतात म्हणे. हरवायला नको."

"नको, मावशी. राहू द्या."

"पुसून घेते मग खालून."

"घ्या."

मावशीनं पुसलं, चष्मा परत ठेवला आणि बादली घेऊन पुढच्या खोलीकडे गेली. ती उठली. टेबलावरचं पाणी सुकेपर्यंत उभी राहिली. मग वाकून, एक डोळा मिटून, दाताची रेघ बघतात तसं तिनं बघितलं, आणि चष्मा बोटभर डावीकडे सरकवला.